ताटातलं आणि डोळ्यातलं



डोळ्यांच्या डॉक्टरला व्याख्यानाला बोलावलं की लोकांची अपेक्षा ठरलेली असते. मोतीबिंदू कधी काढावा, मोबाइलनं नंबर वाढतो का, कोणते थेंब घालावेत. संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘जेवण’ म्हणालो. फोनवर पलीकडे जरा वेळ कुणी बोललं नाही. मग प्रश्न आला, ‘म्हणजे गाजराबद्दल का, डॉक्टरसाहेब?’ गाजराबद्दलही बोलीन, पण त्याची पाळी उशिरा येईल.

उमरीचं नाव मराठवाड्यात स्वातंत्र्यसैनिकांनी ३० जानेवारी १९४८ ला लुटलेल्या बँकेमुळे घेतलं जातं, आणि ते तसंच घेतलं जावं. त्या पिढीनं निजामी राजवटीशी कसा सामना केला हे आपण भाषणांतून ऐकत आलो. ती पिढी रोज काय खात होती, तिच्या घरातली किती लेकरं सांजेला ठेचकाळत होती, हे मात्र भाषणांत येत नाही. मी आज त्या बाजूनं बोलणार आहे.

मला एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी डोळे गेले ते पोटाला धड न मिळाल्यानं. आज जातात ते साखरेनं आणि बीपीनं. आपण समजतो की या दोन वेगळ्या कहाण्या आहेत, एक गरिबीची आणि दुसरी सुबत्तेची. माझं म्हणणं असं, की आपल्या भागात ही एकाच घराण्याची कहाणी आहे. पहिला आजार दुसऱ्याचा आजोबा लागतो. नातं कसं लागतं ते आता सांगतो.

इथल्या म्हाताऱ्या माणसांना रातांधळं म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. दिवसभर अंगणात हुंदडणारं लेकरू दिवेलागणीला मायच्या पदराला धरून बसतं. ताट समोर ठेवलं तर भाकरीसाठी हात चाचपडत राहतो. उठून दाराकडे निघालं तर उंबऱ्याला अडखळतं. सकाळी पुन्हा काहीच झालं नसल्यासारखं खेळायला पळतं. त्यामुळे घरच्यांना वाटायचं, बाहेरचं काहीतरी झालं असणार. उतारे व्हायचे, अंगारे व्हायचे. लेकराच्या ताटात काय पडतं हे कुणी बघत नव्हतं, कारण पडत होतं तेच सगळ्या घराला पडत होतं.

होतं काय, तर डोळ्याच्या मागच्या पडद्यात अंधुक उजेडात काम करणाऱ्या पेशी असतात. त्यांच्यात ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं, आणि ते बनायला अ जीवनसत्त्व लागतं. उजेडाचा कण पडला की रंगद्रव्य बदलतं, त्यातून मेंदूला खबर जाते, आणि मग ते पुन्हा जुळवावं लागतं. शरीरात अ जीवनसत्त्वाचा साठाच नसेल तर जुळणी रखडते. भर उजेडाला दुसऱ्या पेशी आहेत, त्यांचं भागतं. सांज झाली की उघडं पडतं. हे सगळं कोडं जॉर्ज वाल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञानं उलगडलं, त्याला १९६७ साली नोबेल मिळालं.

रातांधळं ही नुसती पहिली पायरी. पुढे बुबुळाच्या बाजूला, पांढऱ्या भागावर, फेसाळ डाग दिसू लागतो. बोर्दोच्या पिएर बीतो या डॉक्टरनं १८६३ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून आम्ही त्याला बीतोचा डाग म्हणतो. त्यानंतर डोळा कोरडा पडतो. आणि मग एखादा गोवर, एखादी हगवण, एवढं निमित्त पुरतं. बुबुळावरचं पारदर्शक पटल मऊ होतं आणि पाहता पाहता, कधी कधी एकदोन दिवसांत, विरघळून जातं. जे उरतं त्याला आपण म्हणतो, ‘डोळ्यात फूल पडलं.’ जुन्या फुलांपैकी काही देवीची होती, काही खुपऱ्यांची, हे खरं. पण गोवरानंतर पडलेल्या फुलामागे बहुतेकदा रिकामं ताट होतं. त्यात आपल्या रिवाजांनी भर घातली. गोवर आला की लेकराला अंधाऱ्या खोलीत ठेवायचं, तेल-तूप तोडायचं, फोडणीचा वास येऊ द्यायचा नाही, पातळ कण्यांवर ठेवायचं. ज्या आठवड्यात त्याच्या शरीराला अ जीवनसत्त्व सगळ्यात जास्त हवं असायचं, नेमकं त्याच आठवड्यात आपण ते बंद करत होतो. वर डोळ्यात कुठल्या तरी पाल्याचा रस पिळत होतो.

हा फक्त डोळ्याचा मामला नाही, हे जगाला जरा उशिरा कळलं. आल्फ्रेड सॉमर नावाचा डोळ्यांचा डॉक्टर इंडोनेशियात काम करत होता. १९८३ साली त्यानं दाखवून दिलं, की साधं रातांधळं किंवा डाग असलेल्या मुलांचा मृत्युदर निरोगी डोळ्यांच्या मुलांच्या साधारण चौपट आहे. म्हणजे डोळा पहिल्यांदा बोलतो, पण आतडं, फुप्फुसं, प्रतिकारशक्ती सगळंच ढासळलेलं असतं. १९८६ साली त्याच्या आचे प्रांतातल्या अभ्यासात दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाची मात्रा दिलेल्या गावांत बालमृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले.

आपल्या देशात मात्र मात्रा देण्याचा कार्यक्रम त्याच्या कितीतरी आधी, १९७० साली सुरू झाला होता, आणि तो ज्या संस्थेच्या कामावर उभा राहिला ती उमरीपासून फार लांब नाही. उमरी स्टेशनावरून देवगिरी एक्स्प्रेस जाते ती धर्माबाद, बासर, निजामाबाद करत सिकंदराबादला. तिथून जवळच तारनाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली रॉबर्ट मॅक्करिसन या डॉक्टरनं निलगिरीतल्या कुन्नूरला, एका खोलीत, बेरीबेरीच्या चौकशीसाठी जे काम सुरू केलं त्याची ही संस्था झाली. १९५८ साली ती हैदराबादला आली. भारतीय माणूस काय खातो आणि त्याचं काय होतं, याची सर्वांत मोठी जमाखर्चाची वही तिथं आहे. हैदराबादला नातेवाइकांकडे, दवाखान्याला, बाजाराला जाणाऱ्या आपल्या माणसांना ती संस्था सहसा ठाऊक नसते. तिच्या दारात तपासल्या गेलेल्यांत मात्र आपल्यासारखेच दख्खनचे भाकरी खाणारे लोक होते.

आज नवव्या महिन्याला गोवराच्या लसीबरोबर लेकराला अ जीवनसत्त्वाचे १ लाख युनिट तोंडावाटे देतात, आणि पुढे पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख. एकूण नऊ मात्रा. सहा महिन्यांचं अंतर का, तर हे जीवनसत्त्व यकृतात साठतं आणि हळूहळू वापरलं जातं. आशाताई हाक मारतात तेव्हा ती मात्रा चुकवू नका. पण गंमत अशी, की ज्या डॉ. सी. गोपालन यांच्या हाताखाली ही संस्था नावारूपाला आली, तेच पुढे सरसकट मात्रा वाटत राहण्याच्या विरोधात बोलू लागले. त्यांचं म्हणणं होतं, मात्रा ही अडीनडीला. कायमचा उपाय ताटात आहे, चमच्यात नाही. गोपालन २०१९ साली शंभरी ओलांडून गेले. त्यांचं हे मत मला पटतं, आणि ते पटायचं कारण आपल्या परसात आहे.

अंबाडीची भाजी घ्या. आपल्याकडे ती नुसती शिजवत नाहीत. पाला उकडून त्याचं आंबट पाणी टाकतात, त्यात तुरीची डाळ, ज्वारीच्या कण्या, मूठभर शेंगदाणे घालून घोटतात, आणि वाढताना वर लसणाचं कढवलेलं तेल ओततात. पाल्यातल्या कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं, आणि हे कॅरोटीन तेलाशिवाय आतड्यातून नीट आत जात नाही. पाल्यातून ते मिळतंही हात राखून. साधारण वीस-पंचवीस भाग कॅरोटीनातून एक भाग अ जीवनसत्त्व, असा काही अभ्यासांचा हिशेब आहे. म्हणून चिमूटभर कोथिंबिरीनं भागत नाही, वाटीभर भाजी लागते, आणि तिच्यावर तेल लागतं. आज डॉक्टरनं ‘तेल बंद’ म्हटलं की सगळ्यात आधी ते लसणाचं तेल जातं. मग भाजी बेचव होते, मग पोरं ती खात नाहीत. मी तुम्हाला सांगतो, तेल कमी करायचं तर भज्यांचं करा, अंबाडीचं राहू द्या.

अंबाडी एकटी नाही. शेवग्याचा पाला, तांदुळजा, घोळ, चंदनबटवा, पाथरी, करडईची कोवळी भाजी, पहिल्या पावसानंतरचा तरोटा. यातल्या निम्म्या भाज्या बांधावर फुकट यायच्या. आता बांधावर तणनाशक पडतं. आणि एक अडचण जुनीच आहे. भाजी पिकली तरी ती लहान लेकराच्या तोंडी जात नव्हती. ‘पाला पचत नाही’ म्हणून दोन वर्षांच्या पोराला वरणाचं पाणी आणि भाताची शितं. पचतो हो. बारीक घोटा, तेलाचा थेंब घाला, भाकरीत कुस्करा. २०१६ ते २०१८ या काळात देशभर झालेल्या पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या मुलांत शंभरात अठरांना अ जीवनसत्त्वाची कमतरता निघाली. फूल पडलेलं पोर आता माझ्या दवाखान्यात क्वचित येतं, पण साठा रिकामा असलेली पोरं गावोगाव आहेत.

आता ज्वारीबद्दल. इथं मला थोडं कटू बोलावं लागेल. २०२३ हे तृणधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं. तेव्हापासून पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत भाकरी महाग झाली आणि सगळे ज्वारीचे गोडवे गाऊ लागले. ज्वारी चांगलीच. मी स्वतः दोन्ही वेळा भाकर खातो. पण आपल्या आज्या नुसत्या ज्वारीवर धडधाकट होत्या, ही कथा खोटी आहे. १९६० साली गोपालन आणि त्यांचे सहकारी श्रीकांतिया यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेत एक गोष्ट मांडली. पेलाग्रा हा रोग तोवर मक्यावर जगणाऱ्या लोकांचा समजला जाई. गळ्याभोवती, हातांच्या पाठीवर, जिथं ऊन लागतं तिथं कातडी काळी पडून सोलवटते, जुलाब लागतात, शेवटी माणूस भ्रमिष्ट होतो. हाच रोग त्यांना दख्खनच्या पठारावर मका न खाणाऱ्या, ज्वारी खाणाऱ्या गरिबांत दिसला. ज्वारीत ल्यूसिन नावाचं अमिनो आम्ल जादा असतं, ते शरीरात नायसिन तयार होण्याच्या आड येतं, असा त्यांचा तर्क होता. त्या तर्कावर पुढे वाद झाले. पण मूळ निरीक्षण टिकून राहिलं. भाकरीबरोबर डाळ, दूध, कधी मटण असणाऱ्या घरात पेलाग्रा नव्हता. भाकरी, मिरचीचा ठेचा आणि पाणी, एवढ्यावर राबणाऱ्या मजुराच्या घरात होता.

सांगायचं ते हे, की धान्य चांगलं की वाईट हा प्रश्नच चुकीचा आहे. ताटात एकच वस्तू भरून असली की ती ज्वारी असो, रेशनचा तांदूळ असो की मैदा, शरीर कुठून तरी फाटतं. आजोबांच्या ताटात एकच वस्तू होती आणि तीही अर्धपोटी. नातवाच्या ताटात एकच वस्तू आहे आणि ती पोटभर.

इथून मी त्या नात्याकडे येतो.

१९७२ चा दुष्काळ या सभागृहात बसलेल्या पुष्कळांनी पाहिला आहे. खडी फोडायची कामं, पाझर तलावांची कामं, कामावर वाटली जाणारी सुकडी, रेशनवर आलेली अमेरिकेची लाल मिलो ज्वारी. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी गरोदर बाया डोक्यावर पाट्या वाहत होत्या. त्यांच्या पोटातली लेकरं आज पन्नाशी ओलांडून गेली. माझ्या दवाखान्यात साखरेनं पडदा खराब होऊन येणारी माणसं नेमकी याच वयाची असतात.

हा योगायोग आहे का? दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये जर्मनांनी अन्न अडवलं आणि भुकेनं माणसं मेली. त्या काळात आईच्या पोटात असलेल्या लोकांची पुढे पन्नाशीच्या सुमारास तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या शरीराला साखर हाताळणं इतरांपेक्षा जड जातं असं आढळलं. पोटात उपासमार झालेलं शरीर काटकसरीची सवय घेऊन जन्माला येतं. पुढे भरपूर मिळालं की तीच सवय उलटते.

आपल्याकडे हे काम सर्वांत चिकाटीनं केलं ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायांचा, गरोदर होण्याच्या आधीपासून, अभ्यास केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची होती, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हाडानं, मांसानं, उंचीनं कमी. पण अंगातली चरबी मात्र तेवढी कमी नव्हती. दिसायला काडी, आतून चरबी. मोठेपणीचं त्याचं उदाहरण त्यांनी स्वतःवरच दिलं. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा फोटो छापून आला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं, निर्देशांक २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. तेव्हा ‘आमच्यात कुणी जाड नाही, आम्हाला कुठली शुगर’ असं म्हणणाऱ्यांनी तो फोटो डोळ्यापुढे आणावा. बारीक अंग ही आपल्याकडे हमी नाही.

त्याच अभ्यासात आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी त्या बायांचा आहार मोजला. ज्या बाया गरोदरपणी पालेभाज्या, दूध, फळं जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं मोठी निघाली. नुसत्या जास्त भाकरी खाण्यानं तो फरक पडला नव्हता. म्हणजे जी पालेभाजी लेकराचा डोळा सांभाळते, तीच माय गरोदर असताना खाल्ली तर त्याच्या पन्नाशीच्या साखरेलाही थोडा आवर घालेल, असं मानायला जागा आहे. याच बायांत तीनपैकी दोघींना बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती. आईचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, अशा जोडीत पोरं सहा वर्षांची होईपर्यंत इन्सुलिनला दाद न देणारी झालेली दिसली, हे २००८ साली छापून आलं. यावरून गरोदर सुनेची फॉलिक ॲसिडची गोळी कुणी बंद करू नका. बी-१२ वाढवा. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतच असतं. माळकरी घरात दूध-दह्यावरच भिस्त असते, आणि नेमकं तिथलंच दूध पहाटे डेअरीला जातं.

आता साखरेनं डोळ्याचं काय होतं ते. पडद्याला रक्त पुरवणाऱ्या नळ्या केसाहून बारीक. वर्षानुवर्षं रक्तातली साखर चढी राहिली की त्या नळ्यांच्या भिंतीतल्या आधाराच्या पेशी मरतात. भिंत फुगते, पाझरते. मधल्या भागात पाणी साचलं तर अक्षरं वाकडी दिसू लागतात. काही नळ्या बंद पडल्या की उपाशी पडदा नव्या नळ्या फोडतो, पण त्या कच्च्या. शिंकेनं, जोर लावल्यानं, कधी नुसत्या झोपेत त्या फुटतात आणि डोळ्यात रक्त उतरतं. या सगळ्यात शेवटपर्यंत दुखत काहीच नाही. नजरही पुष्कळदा शेवटपर्यंत बरी असते. एक शेतकरी एका सकाळी आले, ‘डोळ्यापुढं काळं जाळं आलंय’ म्हणाले. नऊ वर्षं साखरेची गोळी चालू. मी विचारलं, यापूर्वी पडदा कधी तपासला? ते म्हणाले, ‘दिसत व्हतं की. मग कशाला यायचं?’ थेंब टाकून बाहुली मोठी केली आणि आत पाहिलं, तर पडदा दिसेचना, नुसतं लाल.

मोतीबिंदू वेगळा. धूसर झालेलं भिंग काढून नवं बसवता येतं. त्या कामात आपल्या लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांनी लाखावर शस्त्रक्रिया केल्या, २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पडद्याचं तसं नाही. लेझर आहे, डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत, पण ती गेलेलं परत आणण्यापेक्षा राहिलेलं राखण्यासाठी. देशभरातल्या एका पाहणीत, जी २०२२ साली छापली गेली, मधुमेहींपैकी साडेबारा टक्क्यांच्या पडद्यावर साखरेच्या खुणा आढळल्या. आणि मधुमेही किती, तर आयसीएमआरच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली देशात १० कोटी १० लाख. त्याच्या उंबरठ्यावर आणखी १३ कोटी ६० लाख. मूत्रपिंडातही तशाच बारीक नळ्या असतात, म्हणून पडद्यावर डाग दिसला की मी लघवीतली प्रथिनं तपासायला सांगतो. पडदा म्हणजे शरीरातल्या नळ्या न कापता पाहता येतील अशी जागा. डोळ्याचा डॉक्टर फक्त डोळा बघतो असं समजू नका.

उपाय हाताबाहेरचा नाही. १९९३ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास पूर्ण झाला. तरुणपणी मधुमेह झालेल्यांची साखर कडक सांभाळली तर पडद्याचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. ब्रिटनमधल्या १९९८ च्या अभ्यासानं दाखवलं की रक्तदाब सांभाळणंही तितकंच मोलाचं. आपल्याकडे शुगरची गोळी लोक घेतात, बीपीची ‘आता बरं वाटतंय’ म्हणून सोडतात.

मग ही साखर येते कुठून? मिठाईतून नाही. चहातून येते. कपाला दोन चमचे म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर. घरचा, शेताचा, बाजाराचा, पाहुण्यांचा, रात्रीचा, असे पाच कप झाले की ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते २५ ग्रॅमच्या आत राहिलात तर उत्तम. आणि ‘चहा घेणार का?’ असं आपण विचारतसुद्धा नाही, घेणार हे धरूनच आधण ठेवतो. दुसरं ठिकाण रेशन. गहू-तांदळानं माणसं उपाशी मरायची थांबली, त्याबद्दल कृतज्ञ असावं. पण ज्वारी-मूग-उडीद-करडई घेणारं शेत लातूर-नांदेडात सोयाबीनखाली गेलं. सोयाबीन आपण खात नाही, विकतो. विकून आलेल्या पैशानं बिस्किटं आणतो. करडईच्या तेलाची घाणी बंद झाली, जवसाची चटणी सणावारी उरली. जवसात ओमेगा-३ तेल भरपूर असतं, आणि पडद्याच्या पेशींना त्याच जातीचं तेल लागतं. शरीर त्यातलं थोडंच कामाला लावू शकतं हे खरं, पण भाकरीबरोबर चमचाभर चटणीनं कुणाचं नुकसान होत नाही.

तंबाखूवर लांबड लावत नाही. मोतीबिंदू लवकर आणते, म्हातारपणी पडद्याची झीज वाढवते, आणि दारूच्या जोडीनं डोळ्याची नस सुकवते. खिशातली पुडी बाहेर टाकून पुढचं ऐका.

मेडिकलच्या काउंटरवर आता डोळ्यांच्या ‘ताकदीच्या’ कॅप्सुला मिळतात. एका पाकिटाच्या किमतीत महिन्याची भाजी येईल. यामागे खरं संशोधन आहे, पण ते नीट वाचायला हवं. २००१ साली अमेरिकेत दिसलं की म्हातारपणी पडद्याची झीज मध्यम पायरीला पोचलेल्यांना विशिष्ट जीवनसत्त्वं आणि जस्त दिलं तर ती पुढे सरकण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटतो. २०१३ साली त्या मिश्रणातलं बीटा कॅरोटीन काढून ल्यूटिन घातलं गेलं, कारण विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत बीटा कॅरोटीनच्या गोळ्यांनी फुप्फुसाचा कर्करोग वाढतो असं आढळलं होतं. म्हणजे ज्यांना झीज नाही त्यांना या कॅप्सुलांनी काही मिळत नाही, आणि ओढणाऱ्याला जुन्या मिश्रणानं अपायच. ल्यूटिन पालेभाजीत आणि अंड्याच्या पिवळ्या बलकात असतं. आणि गाजर? गाजर छान. महायुद्धात ब्रिटिशांनी रडारचं गुपित लपवायला ‘आमचे वैमानिक गाजरं खातात’ अशी हूल उठवली, ती आजवर उतरलेली नाही. आपल्याकडे स्वस्त, ताजं गाजर हिवाळ्यापुरतं. शेवगा वर्षातला बहुतेक काळ दाराशी असतो, आणि कुणी त्याला पाणीसुद्धा घालत नाही.

मला वाटतं या गावात दोन कामं होऊ शकतात, आणि दोन्हींना डॉक्टर लागत नाही. पहिलं, ज्यांचा जन्म १९७२ ते ७४ च्या सुमाराचा आहे त्यांनी, आणि ज्यांच्या आईवडिलांना साखर आहे अशा तिशीपुढच्या सगळ्यांनी, जाड असोत की बारीक, उपाशीपोटीची साखर मोजून घ्यावी. वाढलेली निघाली तर नजर कितीही चांगली असो, वर्षातून एकदा थेंब टाकून पडदा तपासावा. त्या दिवशी मोटारसायकल चालवता येत नाही, बरोबर कुणाला तरी आणावं लागतं. पुष्कळ लोक एवढ्याच कारणानं येत नाहीत, म्हणून आधीच सांगतो.

दुसरं शाळेचं. २०२३ च्या नोव्हेंबरात राज्य सरकारनं शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं सुरू केलं, न खाणाऱ्या मुलांना केळी. २०२५ च्या जानेवारीत सरकारनं त्याचा निधी थांबवला आणि लोकसहभागातून द्यायचं तर द्या असं कळवलं. मला तो निर्णय आवडलेला नाही. एका अंड्यात अ जीवनसत्त्व, बी-१२, ल्यूटिन आणि उत्तम प्रथिनं एकत्र असतात. मी गेला तासभर ज्या-ज्या कमतरतेबद्दल बोललो त्यातलं बरंच काही त्या एका कवचात आहे. अंडं सात रुपयांना धरलं तर शंभर मुलांच्या शाळेला आठवड्याला सातशे रुपये लागतात. केळीवाल्या मुलांसाठी केळीचं अर्धापूर आपल्या शेजारीच आहे. व्याख्यानमालेनं यंदा माझ्या येण्या-जाण्याचं आणि मानधनाचं पाकीट तयार ठेवलं आहे असं ऐकलं. ते इथल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांकडे द्यावं, आणि त्यात कुणाला भर घालायची असेल त्यांनी सभा संपल्यावर दाराशी वही ठेवली आहे तिथं नाव लिहावं. मात्र अंडी उकडून द्या. ऑम्लेट करायला गेलात तर तेलाचा खर्च मला विचाराल.